जपूनकाका

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा असतोच, जो निरोप देताना 'बरंय' म्हणत नाही, 'जपून' म्हणतो. कोपऱ्यावरून साखर आणायला निघालेल्यालाही तो दारात गाठतो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीची फरशी हलते याची आठवण करून देतो. आमच्याकडे हे खातं काकांकडे आहे. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल. सांगलीतले आम्ही सगळे भाऊबंद त्यांना जपूनकाका म्हणतो. आधी पाठीमागे म्हणायचो, आता तोंडावर म्हणतो. त्यांना त्यात चेष्टा दिसत नाही, हुद्दा दिसतो.

काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. उभी नोकरी त्यांनी गाडीखाली उताणं झोपून केली. "गाडी पळते कशी हे जग बघतं, थांबते कशी हे मी बघायचो," असं ते सांगतात. एस.टी.त वर्षानुवर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचा सत्कार होतो, त्याच्या छातीवर बिल्ला लागतो. त्या गाडीचे ब्रेक ज्याने लावले, त्याच्या छातीवर काही लागत नाही. काका याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. फक्त असल्या सत्काराचा फोटो पेपरात आला की मागे उभ्या असलेल्या गाडीचा नंबर दिसतो का, ते भिंग लावून बघतात.

लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर ते आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजतात, मग नवरा-नवरी बघतात. हॉटेलात पंख्याखाली बसायच्या आधी पंखा किती डुलतो ते पाहून घेतात. एवढ्या दांडग्या काळजीला घर पुरेना. तिला ऐसपैस मैदान हवं होतं आणि ते सूर्यग्रहणात मिळालं. ग्रहणात वर बघितलं तर डोळ्याला धोका आणि ते बघायला जायचं तर रस्त्यावर जिवाला धोका. काकांना याहून काय पाहिजे?

त्यांच्या या नादाला एक जुनं कारण आहे. १६ फेब्रुवारी १९८०. त्या दिवशी कित्येक घरांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मुंबईत वानखेडेवर भारत-इंग्लंड कसोटी चालू होती, तिचा विश्रांतीचा दिवससुद्धा ग्रहणाच्या दिवशी ठेवला होता. काका तेव्हा विशीत. दोस्तांबरोबर त्यांनी रायचूर गाठलं आणि खग्रास ग्रहण पाहिलं. पण त्यांतला एक दोस्त खग्रास व्हायच्या आधी बराच वेळ काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे टक लावून बसला होता. बघताना काही दुखलं नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, हीच तर त्याची गोम. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तेव्हा अक्षरांच्या बरोबर मधोमध डाग. तो डाग पुढे कधीच गेला नाही. "कॅरमला त्याच्या तोडीचा नव्हता कुणी," काका सांगतात. "आता राणीवर नेम धरला की राणीच दिसत नाही." हे सांगताना काका विनोद करत नसतात, त्यामुळे आम्हीही हसत नाही.

पुढे ११ ऑगस्ट १९९९ ला काका भूजला गेले. ढग. २२ जुलै २००९ ला पहाटे सुरतेला उभे राहिले. ढग. "अंधार मात्र चांगला पडला होता," काका म्हणाले. "तो घरीही पडतो," काकू म्हणाल्या.

मग २६ डिसेंबर २०१९ चं कंकणाकृती ग्रहण आलं. त्याचा पट्टा केरळ-कर्नाटकच्या सीमेवरून तामिळनाडूकडे जाणार होता. माझ्या मेव्हण्याने नुकतीच एक दणकट गाडी घेतली होती, दुसऱ्या हाताची, आणि त्याने वायनाडमधलं तलाव असलेलं रिसॉर्टही हेरून ठेवलं होतं. काकांनी नकाशावर बोट ठेवलं ते कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरवर. "डोंगरात सकाळी ढग अडकतात. दोन ग्रहणं ढगात घालवलीत मी. किनाऱ्याने चला." मेव्हण्याने तलावाचा फोटो दाखवला. काकांनी त्यात जीवरक्षक कुठे आहे ते विचारलं. विषय संपला.

लगेच व्हॉट्सॲपवर 'ग्रहण' नावाचा ग्रुप निघाला आणि सूचना पडू लागल्या. पहिली सूचना: 'वाहन चालवताना ग्रहणाचा चष्मा घालू नये.' मेव्हण्याने हसणारी चार तोंडं टाकून विचारलं, "काका, असा कोण घालेल?" काकांचं उत्तर आलं, "प्रत्येक सूचनेमागे एक शहाणा असतो. त्याने घातला, म्हणून मला लिहावं लागतं." दुसरी सूचना: 'महामार्गावर असाल तिथे गाडी उभी करून आकाशाकडे बघू नये. मागून येणाराही आकाशाकडेच बघत असतो.' तिसरी: 'उजेड कमी होऊ लागताच दिवे हाताने लावावेत, गाडीच्या अकलेवर सोडू नयेत.' चौथी: 'चालकाने फोटो काढू नयेत. काढले तरी त्यात सूर्य तांदळाच्या दाण्याएवढा येतो.' पुढच्या सूचना मी वाचल्या नाहीत, पण 'वाचले' असं लिहिलं. काकांनी लगेच विचारलं, "सातवीत काय आहे?"

निघायच्या आदल्या रात्री चष्म्यांची तपासणी झाली. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली आम्हाला रांगेने उभं केलं.

"दिवा दिसतोय?"

"नाही."

"अंधुकसुद्धा?"

"काहीच दिसत नाही, काका."

"मग चष्मा उत्तम आहे."

सातवीतल्या माझ्या चिरंजीवांना हा न्याय फारच आवडला. चांगल्या ग्रहणचष्म्यातून फक्त सूर्य दिसतो. घरातली ट्यूब त्यातून स्पष्ट दिसू लागली की तो टाकाऊ. मेव्हण्याच्या चष्म्यातून ट्यूब दिसली, कॅलेंडर दिसलं आणि फ्रिजवरचा कोथिंबिरीचा डबाही दिसला. तो रस्त्यावर घेतलेला होता. "पण यावर आयएसओ १२३१२-२ छापलंय!" मेव्हणा म्हणाला. "छापायला शाई लागते, अडवायला फिल्टर," असं म्हणून काकांनी कात्रीने चष्म्याचे दोन तुकडे केले. मेव्हण्याने पिशवीतून वडिलांच्या गुडघ्याची एक्स-रे फिल्म काढली. काकांनी ती उजेडाकडे धरून नीट पाहिली, "सांधा झिजलाय, डॉक्टरांना दाखवा," म्हणाले आणि परत केली. मग समजावलं, "डोळे दिपले नाहीत म्हणजे सूर्य अडला, असं नसतं. न दिसणारी किरणं आत शिरतात ती शिरतातच. अंधार वाटला की बाहुली आणखी मोठी होते, म्हणजे तुम्ही त्यांना दार उघडून देता."

दुर्बीण न्यायची असली तर फिल्टर तिच्या पुढच्या काचेवर हवा. डोळ्यावर ग्रहणचष्मा घालून नुसत्या दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कारण दुर्बिणीने गोळा केलेली उष्णता चष्म्याची फिल्म जाळून आत जाते. हे सांगून झाल्यावर काकांनी आमच्याकडे दुर्बीण नाही याची खात्री करून घेतली.

सकाळी गाडीची पाळी. काका उकिडवे बसले आणि टॉर्च मारून टायरच्या बाजूचे आकडे वाचू लागले. टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चार टायर पास झाले. स्टेपनीवर होतं ३८१२. "२०१२ सालचा अडतिसावा आठवडा," काका बसल्या बसल्या म्हणाले. "म्हणजे गणपतीतला टायर. याचं विसर्जन कधी करणार?" मेव्हणा म्हणाला, "काका, स्टेपनी वापरलेलीच नाही!" "रबर न वापरताही म्हातारं होतं," काका म्हणाले. तासाभरात नवा टायर आला. बिल मेव्हण्याने दिलं. त्या क्षणापासून तो काकांना 'जपूनकाका' न म्हणता नुसतं 'तुमचे काका' म्हणू लागला.

हुबळी, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला आणि मग किनाऱ्याने खाली, असा रस्ता होता. मेव्हणा चालवत होता. काका शेजारी, पट्टा लावून, उजवा पाय पुढे रोवून. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही ही गाडी बनवणाऱ्यांची चूक आहे, असं त्यांचं मत आहे. मागे पट्टा लावायला चिरंजीव कुरकुरले, तेव्हा काकांनी मागे न बघता सांगितलं, "मागचा माणूस सुटला की पुढच्यावर येऊन आदळतो. पुढे मी आहे." घाटात मालट्रकांची रांग होती. मेव्हण्याने गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायचा विचार केला असावा, कारण हात गिअरवर जाताच काका म्हणाले, "ज्या गिअरवर चढायची, त्याच गिअरवर उतरायची. डिझेल वाचवून कुठे दवाखान्यात भरणार?"

रात्रभर गाडी हाणून एका दमात पोचायचा मेव्हण्याचा बेत होता. अंधार पडायला लागल्यावर काकांनी कुमट्याला गाडी थांबवली ती सकाळपर्यंत. "दारू प्यायलेल्याला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं. झोप लागलेल्याला आपण झोपलोय हेही माहीत नसतं."

काकूंचं खातं वेगळं. त्यांच्याकडे वेध होते. पंचविसाच्या संध्याकाळी चेरुवत्तूरला पोचल्याबरोबर त्यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढे केलं आणि वेध लागायच्या आत खाऊन घ्या म्हणून धोशा लावला. उरलेल्या डब्यात तुळशीचं पान पडलं. काकांनी पान बघितलं, पण काही बोलले नाहीत. या दोघांचा चाळीस वर्षांचा तह आहे. ती त्यांच्या आयएसओला हात लावत नाही, ते तिच्या तुळशीला लावत नाहीत. "शेवटी दोघंही ग्रहणात जपूनच राहा म्हणतोय," काकू मला म्हणाल्या. "मी फुकटात म्हणते, ते चष्मे विकत घेऊन."

सकाळी आठ वाजून गेल्यावर सूर्याचा लचका तुटायला सुरुवात झाली. आकाश लख्ख होतं. मैदानात केरळभरातून आणि कुठून कुठून माणसं आलेली. काका गर्दीतून फिरत होते आणि मराठीतून ओरडत होते, "शेवटपर्यंत चष्मा काढायचा नाही! हे खग्रास नव्हे!" मुद्दा बरोबर होता. खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जातो, तेवढ्या वेळापुरताच तो नुसत्या डोळ्यांनी बघता येतो. कंकणाकृतीत चंद्र पृथ्वीपासून लांब असतो, म्हणून लहान दिसतो आणि सूर्याची कड उरतेच. ती कड एवढीशी दिसली तरी सूर्यच. तिच्याकडे एक क्षणसुद्धा उघड्या डोळ्याने बघायचं नसतं. अडचण एवढीच होती की हे त्या मैदानात आम्हा पाचजणांखेरीज कुणाला कळत नव्हतं.

नाही म्हणायला एकाला कळलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून पांढरा मुंडू नेसलेले एक वयस्क गृहस्थ मल्याळममधून असंच ओरडत येत होते. मधोमध दोघं समोरासमोर आले आणि गप्प झाले. त्या गृहस्थांच्या हातात वेल्डिंगची काच होती. काकांनी ती मागून घेतली, कडेचा नंबर वाचला. १४. त्यांनी मान डोलावली. त्या गृहस्थांनी काकांचा चष्मा घेतला, सूर्याकडे पाठ करून त्यावर टॉर्च मारला, ओरखडा आहे का बघितलं आणि मान डोलावली. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. तरी त्यांनी मैदान वाटून घेतलं. पूर्वेकडची माणसं त्यांची, पश्चिमेकडची काकांची. त्यांच्या मागे एक बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी काकूंकडे बघितलं, आणि तिथेही ओळख पटली.

साडेनऊच्या जरा आधी उन्हातला कस गेला. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. सावल्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या झाल्या. मग चष्म्याच्या मिट्ट काळोखात ती बारीक, अखंड बांगडी पुरी झाली आणि अख्ख्या मैदानातून एकच आवाज निघाला. त्याला भाषांतर लागलं नाही. चिरंजीव नाचायला लागले. काकांनी त्यांचा खांदा धरला, "नाच, पण चष्मा धरून."

काकू वर बघणार नव्हत्या. त्यांना काकांनी सूर्याकडे पाठ करून उभं केलं होतं आणि हातात बुंदीचा झारा दिला होता. झारा कशाला आणायला लावला, हा त्यांना सांगलीपासून पडलेला प्रश्न होता. समोर चार-पाच पावलांवर पांढरी भिंत. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून भिंतीवर सूर्य पडला होता; मघाशी कोरी पडत होत्या, आता कंकणं. एक मीटर अंतराला साधारण नऊ मिलिमीटरचा सूर्य पडतो, म्हणून काकांनी त्यांना भिंतीपासून लांब उभं केलं होतं, म्हणजे आकार मोठा पडतो. आम्ही प्रत्येकाने एक ग्रहण पाहिलं. काकूंनी झाराभर पाहिली. "मी वर बघितलंच नाही," त्या नंतर म्हणाल्या. "भिंतीकडे बघू नये असं शास्त्रात कुठे लिहिलंय?"

तीनेक मिनिटांत बांगडी तुटली आणि गर्दी गाड्यांकडे पळाली. ग्रहण सुटायला अजून दीड तास होता, पण मेव्हण्याला आधी निघून गर्दी टाळायची होती. हाच विचार सगळ्या मैदानाने केला होता. काका आणि मुंडूवाले गृहस्थ आपापल्या गाड्यांना पाठ टेकून उभे राहिले. "ग्रहणाला माणसं दोन दिवस येत राहतात, जाताना एकाच मिनिटाला निघतात," काका म्हणाले. "२०१७ साली भाची तिकडे अमेरिकेत ग्रहण बघून निघाली ती दुप्पट वेळाने घरी पोचली. सगळ्यांना जाऊ द्या." थांबलोच आहोत तर म्हणून ते उकिडवे बसले आणि चाकं बघू लागले.

डाव्या मागच्या टायरपाशी ते बराच वेळ बसले. मग त्यांनी आम्हाला हाक मारली. इतक्या मऊ आवाजात त्यांनी मला माझ्या मुंजीनंतर हाक मारलेली नव्हती. टायरच्या नक्षीत एक खिळा रुतला होता. "खिळा," काका म्हणाले. कंकण पुरं झालं तेव्हासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर हे तेज नव्हतं. मेव्हणा उपटायला वाकला, तसे काका ओरडले, "हात लावू नका! ट्यूबलेस आहे. खिळा आहे तोवर हवा आहे." मग गणपतीतल्या टायरच्या जागी आलेली नवी स्टेपनी निघाली, जॅक निघाला, चाकांना दगड लागले, आणि मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोणसुद्धा उभा राहिला, वास्तविक आम्ही मैदानात होतो. मुंडूवाल्यांनी पान्हा धरला. दोघांनी मिळून चाक बदललं. मेव्हण्याला फक्त टॉर्च धरू दिला, भर उन्हात.

पुढे पंक्चरवाल्याने उपटलेला तो खिळा आज सांगलीत काकांच्या कपाटात आहे, काचेमागे, दागिन्याच्या डबीत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवतात. कारण त्यांच्या जन्मभराच्या कामाचा तो एकच पुरावा आहे. ब्रेक लागला म्हणून वाचलेली माणसं घरी जाऊन जेवतात आणि झोपतात. वर्कशॉपमध्ये येऊन सांगत नाहीत. चष्मा होता म्हणून न पडलेला डाग कुठल्याच डॉक्टरला दिसत नाही. काही झालं नाही की आम्ही म्हणतो, "बघा, उगीच घाबरवत होता." आणि काही झालं असतं तर म्हणायला आम्ही राहिलो नसतो. मेव्हणा अजून म्हणतो, तो खिळा तसाही घरापर्यंत टिकला असता. त्या दिवशी वायनाडला ढग आले, हेही तो योगायोगात धरतो. तरी हल्ली गाडी घेऊन कुठे निघाला की आदल्या रात्री तो काकांना सहज म्हणून फोन करतो आणि अर्धा तास ऐकून घेतो.

काकांची पुढची तयारी झालेली आहे. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आपल्याकडे खंडग्रास, तेही पावसाळ्यात, म्हणून त्यांनी ते चष्म्यांच्या सरावापुरतं ठेवलंय. खरी मोहीम २० मार्च २०३४, खग्रास, लडाखात कारगिलकडे. काका तेव्हा शहात्तरीत असतील. मार्चमध्ये झोजिला बर्फाखाली असतो, म्हणून दोन वाटा लिहिल्या आहेत. टायरच्या साखळ्या, उंचीवरची विरळ हवा, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं क्रमाने आहे. परवा त्यांनी ती वही मला वाचायला दिली. शेवटच्या पानावर मथळा होता, 'मी नसल्यास'. खाली सूचना होत्या. एक: ग्रहणाचे जुने चष्मे वापरू नयेत, नवीन घ्यावेत, ट्यूबसमोर तपासावेत. दोन: झारा मोठ्या भोकांचा नको. तीन: रडत गाडी चालवू नये, समोरचं नीट दिसत नाही.

त्याखाली काकूंच्या अक्षरात होतं: 'वाचले. तूर्त दूध आणावे. जिना जपून.'